गुरुवारचे किसनभाऊ

किसनभाऊंनी आयुष्यात कधी कुणाचं दार वाजवलं नाही. बेकरीतून पाव घेऊन यायचे, सायकल भिंतीला टेकवायचे आणि पुडी हातात धरून दारासमोर उभे राहायचे. हाक नाही, खाकरणं नाही, नाकासमोर घंटीचं बटण असून तिकडे बघणंसुद्धा नाही. घरातलं कुणी आपल्या कामाला बाहेर आलं, की पाव त्याच्या हातात ठेवायचे. एकदा मी कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर आले, तर किसनभाऊ उभे आणि पाव गारढोण.

"अहो, ही घंटी काय शोभेला लावलीय?"

"आसू द्या बाई. दारात हुबं ऱ्हावं. घरातल्याला कळतं."

"काही कळत नाही! घरातला आत रेडिओ लावून बसलाय."

घरातला म्हणजे आमचे हे. किसनभाऊ हसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच उभे. माझी सगळी नोकरी लोणावळ्याच्या प्राथमिक शाळेत गेली. हट्टी पोरं मी पुष्कळ सरळ केली. हा माणूस काही माझ्याच्यानं सरळ झाला नाही.

कार्ल्याच्या बाजूच्या एका शेतकरी घरात जन्मलेले किसनभाऊ पुढे मुसलमान झाले आणि बेकरीतल्या एका बिहारी भट्टीवाल्याचे शिष्य म्हणून जगले. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही, ते हे एवढं ऐकूनच चमकतात. आम्ही गल्लीतली माणसं चमकत नव्हतो, कारण आम्ही त्यांना आधी पाववाले म्हणून ओळखत होतो.

आमचं स्वयंपाकघर आणि बेकरीची मैद्याची कोठी यांच्यामध्ये एकच भिंत. लग्न होऊन या घरात आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. गुरुवारी संध्याकाळी कुकर लावत होते आणि भिंतीपलीकडून आवाज सुरू झाला. आठ-दहा पुरुषांचा, खालच्या पट्टीतला, एका लयीत. आधी हळू, मग चढत जाणारा. ला इलाह इल्लल्लाह, ला इलाह इल्लल्लाह. मांडणीवरच्या ताटल्या किणकिणायला लागल्या. मला गोंगाटाचा तिटकारा, दिवसभर चौथीच्या वर्गात तोच ऐकायचा. तशीच पदर खोचून बेकरीच्या मालकाकडे गेले आणि चार शब्द सुनावून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर हा अनोळखी माणूस समोर. हनुवटीपुरती दाढी, अंगावर मैदा, हातात काही नाही.

"बाई, आमचा आवाज तुमच्या सैपाकघरात जातो म्हनं. आमी भितीपासून सरकून बसू."

"पण असता काय करत तुम्ही तिथं?"

"नाव घेतो."

"कुणाचं?"

"मालकाचं," ते म्हणाले, आणि माझा चेहरा बघून घाईनं पुढं म्हणाले, "बेकरीच्या न्हवं."

मला हसू आलं. पुढच्या गुरुवारी ताटल्या गप्प राहिल्या आणि कोण जाणे का, मला चुकल्यासारखं झालं. त्याच्या पुढच्या गुरुवारी मीच निरोप धाडला, की मांडणी मी दुसऱ्या भिंतीला हलवली आहे, तुम्ही बसा हवं तिथं.

त्या कोठीत बसणारी मंडळी सगळी कुठून कुठून आलेली. खलील उस्ताद हे बेकरीचे मुख्य भट्टीवाले, राहणारे बिहारचे. तिकडे त्यांच्या गुरूंनी, म्हणजे पीरांनी, त्यांना इजाजत दिलेली होती. दुसऱ्याचा हात हातात घेऊन त्याला शिष्य करून घेण्याची ही परवानगी. गुरूनं शिष्याला द्यायची, त्यानं पुढच्याला, अशी ती चालत आलेली असते, आणि ती ज्याला मिळाली नाही त्यानं कुणाला शिष्य करायचं नाही. उस्तादांनी लोणावळ्यात याचा गवगवा केला नव्हता. भट्टी पेटवायची, पाव काढायचे आणि गुरुवारी कोठी झाडून बसायचं. हळूहळू माणसं जमली. भट्टीवरचे बिहारी, बंगालकडचे गवंडी, हॉटेलांत भांडी घासणारे, आणि आपल्याकडचे दोघं-तिघं. शहरातल्या जुन्या मुसलमान घरांना ही मंडळी जरा विचित्रच वाटायची. त्यांची स्वतःची माणसं तर त्यांना हातची गेलेली समजत. मैद्याची पोती सोडली, तर त्यांना टेकायला जागा नव्हती.

किसनभाऊ तिथं कसे पोचले, ते त्यांनी एकदा आमच्या पायरीवर बसून सांगितलं. मी वाल सोलत होते, तेही न सांगता सोलायला लागले.

"तरनेपनी लय तापट व्हतो बाई. बांधावरनं दत्तूसंगं लागलं, माज्या धाकट्या भावासंगं. फावड्याचा दांडा घातला खांद्यात. त्येचा हात आजून वर जात न्हाई. गाव सोडलं, हितं बेकरीत लागलो. थंडीचं दीस व्हतं. कोठीची भित भट्टीनं तापायची, म्हनून टेकलो. आत हे बसल्यालं. ऊब घ्यायला गेलतो, तितंच बसलो."

"आणि नाव? नाव नाही बदललंत?"

"उस्ताद म्हनले, किसनच ऱ्हाऊ दे. नाव बदलून मानूस बदलला आसता, तर लय सोपं झालं आसतं."

दत्तूभाऊ अधूनमधून यायचे. एसटीनं यायचे, बेकरीच्या फळीवर बसायचे आणि भावाला एकच वाक्य ऐकवायचे, "चल घरी. गावाचं काय ते मी बघतो." किसनभाऊ त्यांना चहा पाजायचे, खारी द्यायचे, पण हो म्हणायचे नाहीत की नाही म्हणायचे नाहीत. दत्तूभाऊ मग पाणी प्यायच्या निमित्तानं माझ्याकडे यायचे. "बाई, तुमी शिकल्यासवरल्या. तुमी सांगा त्येला." मी काय सांगणार, कपाळ! ज्याला मी घंटी वाजवायला शिकवू शकले नाही, त्याला मी घरी काय पाठवणार? पण राग कितीही असला, तरी भात झोडपून झाला की दत्तूभाऊंकडून नव्या तांदळाचं पोतं यायचंच. "घाल खायाला तुज्या त्या बिऱ्हाडाला." त्याच तांदळाची गुरुवारी खिचडी व्हायची. त्यात मटणाचा तुकडा कधी पडला नाही. सगळ्यांच्या पोटात जाईल असंच शिजवायचं, हा उस्तादांचा नियम. एक वाटी भिंतीला वळसा घालून माझ्या घरी यायची आणि दारात उभी राहायची.

जप संपला की किसनभाऊ नावं म्हणायचे. पैगंबरांपासून सुरुवात, मग एकाचा शिष्य दुसरा, दुसऱ्याचा तिसरा, अशी खाली उतरत उतरत ती नावं उस्तादांच्या पीरांपर्यंत आणि शेवटी खलील उस्तादांपर्यंत येऊन थांबायची. एवढी मोठी अरबी-फारसी नावं किसनभाऊ आपल्या मावळी जिभेनं अशी म्हणायचे, की जणू गावकीतल्या भावबंदांची नावं सांगताहेत. उस्तादांना ते फार आवडायचं. म्हणून तर नावं म्हणायचं काम त्यांनी कुणा बिहारी शिष्याला न देता यांना दिलेलं. भिंतीतून ऐकून मलाही त्यातली अर्धी पाठ झाली होती. अर्धी नावं म्हणजे काहीच नाही, असं किसनभाऊ म्हणायचे. "मधी यक कडी नसली, तर वरची लाख आसून काय कामाची?"

उस्ताद थकले तेव्हा सगळ्यांच्या मनात एकच होतं, की आता इजाजत किसनभाऊंना मिळणार. दुसरं होतंच कोण? बाकीचे आज इथं, उद्या नाशिकला. किसनभाऊ तेवढे जागचे हलणारे नव्हते. मैद्यानं आणि धुरानं उस्तादांची छाती भरली होती. बेकरीच्या वरच्या खोलीत ते पडून असायचे आणि किसनभाऊ रोज पाव वाटून आले की त्यांचे पाय चेपत बसायचे. मी सूप घेऊन जायची. उस्ताद एकदा माझ्यादेखत म्हणाले, "किसन, कुछ कहना है?"

"न्हाई उस्ताद. तुमी पडा."

जिना उतरताना मी त्यांना अक्षरशः खडसावलं. "अहो, विचारतायत ना ते? तोंड उघडा की! म्हणा, मला द्या म्हणून."

"बाई, आमच्यात मागनाऱ्याला देत न्हाईत. ज्येला नको त्येच्या डोक्यावर ठेवत्यात. मागितलं की मोल झालं."

"आणि न मागता राहून गेलं तर?"

"ऱ्हात न्हाई. त्यास्नी कळतं."

उस्ताद गेले. कुणाला काही दिलं नाही, काही सांगितलं नाही. दफनाला आमचे हे गेले होते, दत्तूभाऊसुद्धा आले होते. त्या मंडळींची एक रीत ह्यांनी मला घरी येऊन सांगितली. माणसाला मातीत ठेवल्यावर त्याच्याच साखळीतल्या कुणी तरी ती सगळी नावं म्हणायची आणि शेवटी गेलेल्याचं नाव जोडायचं. म्हणजे वरच्या सगळ्यांना सांगायचं, की हा आमचा. म्हणणारा हात दिलेला शिष्यच पाहिजे, दुसऱ्या कुणी म्हणून चालत नाही. उस्तादांसाठी किसनभाऊंनी ती म्हटली. आवाज फुटत होता, पण एक नाव चुकलं नाही, असं हे म्हणाले.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर उस्तादांची बायको, जिला सगळे अम्मा म्हणायचे, खाली आली. हातात घडी घातलेली हिरवी कफनी, इजाजत देताना गुरूनं शिष्याच्या अंगावर घालायची. मी भाजीला निघाले होते, तिनं मलाही थांबवलं.

"किसन, ये तुम्हारे लिये धुलवाके रखी थी उन्होंने. तकिये के नीचे थी. रोज पूछते थे, आज किसन ने कुछ कहा क्या?"

मग ती सांगायला लागली. उस्तादांना द्यायचंच होतं. पण दत्तूभाऊ एवढ्या वेळा येऊन भावाला घरी बोलवत होते, ते उस्ताद वरच्या खिडकीतून बघत होते. मी घे म्हटलं, तर किसन नाही म्हणणार नाही, असं उस्ताद अम्माला म्हणायचे. मग त्याचा घरचा रस्ता माझ्यामुळे कायमचा बंद होईल. त्यानं एकदा स्वतःच्या तोंडानं म्हणावं, की मला इथंच राहायचंय. एवढं म्हटलं की बास. शेवटच्या दिवसापर्यंत ते तेवढ्याच शब्दांची वाट बघत होते.

"ले लो," अम्मा म्हणाली.

"देनारा गेला अम्मा. आता ह्ये नुसतं कापड."

मी त्या दिवशी भाजी न आणताच घरी परतले. दोन भली माणसं एकमेकांची अदब सांभाळत बसली आणि ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तेच वाहून गेलं. मला उस्तादांचा राग आला, किसनभाऊंचा आला. रात्री ह्यांना म्हटलं, यांच्यापेक्षा आमचे शिक्षक परवडले, बढती हवी असली की सरळ अर्ज तरी करतात. हे हसले नाहीत.

अम्माला तिच्या गावी पोचवायला किसनभाऊ बिहारला गेले. मावळाच्या बाहेर फारसे न गेलेले गृहस्थ. कफनी अम्माच्या ट्रंकेत गेली. परत आले ते वाळून काटकी झालेले. मी विचारलं नाही, तरी आपणहून पायरीवर बसले.

"उस्तादच्या पीरांच्या ठिकानी गेलतो. आता त्यांचा नातू बसतो गादीवर. भला मानूस. जेवाय घातलं. मी म्हनलं, हुजूर, आमच्याकडं बसनारी मानसं हायत, हात द्यायला कोन न्हाई. मला हुकूम द्या."

"मागितलंत तुम्ही?" मी हातातली परात खाली ठेवली.

"मागितलं. जल्मात पैल्यांदा."

"मग?"

"त्ये म्हनले, आमच्यात मागनाऱ्याला देत न्हाईत." किसनभाऊंनी परात माझ्या हाताशी सरकवली. "बरोबरच बोलले त्ये. मी बी त्यांच्या जागी आसतो तर ह्येच बोललो आसतो."

मी या जगावर पुष्कळदा चिडले आहे, पण त्या दिवशीइतकी क्वचितच. तो नातू त्यांना ओळखत नव्हता. हा माणूस न मागता किती वर्षं बसला, हे त्याला कुणी सांगायचं? किसनभाऊ स्वतः तर सांगणार नव्हतेच.

त्यानंतरही गुरुवार चालू होते. जप व्हायचा, खिचडी व्हायची, नावं म्हटली जायची, आणि ती उस्तादांपाशी येऊन थांबायची. नवं माणूस मात्र आत घेता येत नव्हतं. रफीक म्हणून बंगालकडचा एक गवंडी होता, बोलायला मोकळा. तो एकदा आपल्याबरोबर कामावरचे दोन नवे लोक घेऊन आला. मी माझ्या मागच्या दारात कपडे वाळत घालत होते.

"किसनभाई, इनको हाथ दे दो. कौन पूछनेवाला है इधर?"

"इचारनारा हाय म्हनून तर बसतो ना मी हितं," किसनभाऊ म्हणाले. त्या दोघांना पोटभर खिचडी वाढली, पुण्यातल्या दुसऱ्या एका पीरांचा पत्ता दिला आणि निरोप दिला. ते पुन्हा आले नाहीत. थोड्याच दिवसांत रफीकही यायचा थांबला.

मग करोनाची टाळेबंदी आली. भट्टीवरची पोरं मिळेल त्या वाटेनं गावाकडे गेली, त्यांतली फार थोडी परतली. जी परतली, त्यांना बेकरीत काम उरलं नव्हतं. मालकाच्या मुलांनी भट्टी मोडून विजेवरची यंत्रं आणली होती. कोठीची भिंत आता तापत नसे. गुरुवारी भिंतीपलीकडून चार आवाज यायचे, मग तीन. मांडणी अजून त्या भिंतीला असती, तरी ताटल्या वाजल्या नसत्या.

अशा वेळी पार्वती आली. डोंगरावरच्या ठाकरवाडीतली, नवरा दारूनं गेलेला, बंगल्यांची साफसफाई करून पोट भरणारी. पहिल्यांदा आली ती खिचडीसाठी. दुसऱ्यांदाही खिचडीसाठीच. मग खिचडी व्हायच्या आधीच येऊन दाराजवळच्या पोत्यावर बसायला लागली. मी विचारलं, तुला काय कळतं गं त्यातलं? म्हणाली, "हितं मला कुनी काय इचारत न्हाई. बसू देत्यात." कान असा तिखट, की वर्षाच्या आत सगळी नावं तिला पाठ. एकदा किसनभाऊंना खोकल्याची उबळ आली आणि ते मध्येच अडकले. दारातून तिनं हळूच पुढचं नाव सांगितलं. किसनभाऊंनी वळून तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना इतकं खूश झालेलं मी पाहिलं नव्हतं, आणि इतकं घाबरलेलंही.

कारण पुढं काय येणार, हे त्यांना माहीत होतं. बायका हातात हात देत नाहीत. गुरूनं फडक्याचं एक टोक धरायचं आणि बाईनं दुसरं. पार्वतीनं आपला नवाकोरा टॉवेल आणला, धुऊन, घडी घालून, आणि त्यांच्यासमोर ठेवला.

"मला घ्या तुमच्यात."

"मला हुकूम न्हाई, पारवते."

त्यांनी तिला पुण्याच्या पीरांकडे पाठवलं. ती एकटी लोकलनं जाऊनही आली. भली माणसं होती म्हणाली, पण सगळं उर्दूत, मला काय समजंना, माजं त्यांला समजंना. टॉवेल परत घेऊन आली. मला राहवलं नाही. मी किसनभाऊंना भर बेकरीत गाठलं.

"एक टोक धरायला काय जातं तुमचं? खोटं तर खोटं! त्या बाईला जगात दुसरं काय आहे?"

ते रागावले नाहीत. आयुष्यातला सगळा राग त्यांनी बहुतेक त्या बांधावरच संपवला होता. म्हणाले, "बाई, हिरीत मानूस हाय. तुमी वरनं दोर सोडला. त्यो वर कशालाच बांधल्याला न्हाई, ह्ये तुमाला ठावं हाय. त्येनं धरला आन जीव टाकून लोंबकळला, तर? त्यापरास दोर न्हाई म्हनलेलं बरं. निदान त्यो दुसरीकडं हात मारंल."

"आणि दुसरीकडे काही नसलं तर?"

किसनभाऊंनी पावांच्या पुड्या सायकलला अडकवल्या.

कोठी पाडली तेव्हा मी त्यांना आमचा मागचा व्हरांडा दिला. तोवर दोघंच उरली होती, किसनभाऊ आणि पार्वती. जपाला गोल करून बसतात. ही दोघं समोरासमोर बसायची, तेही मध्ये भरपूर अंतर ठेवून. दोघांचा कुठला गोल होणार, दोघांची रेघ होते. नावं म्हणून झाली, की पार्वती भांडी घासायची आणि अंधार पडायच्या आत वाडीची वाट धरायची. तिनं पुन्हा कधी टॉवेल आणला नाही आणि एक गुरुवारही चुकवला नाही.

पुढे किसनभाऊंच्या पायांना सूज आली, बेकरीवरच्या त्यांच्या खोलीचा जिना चढवेना. दत्तूभाऊ टेम्पो घेऊनच आले. "आता तरी चल." किसनभाऊ टेम्पोत बसले. मला इथंच राहायचंय, या ज्या एका वाक्यावर सगळं अडून राहिलं होतं, ते आता कुणाला ऐकायचंच नव्हतं.

मी त्यांना भेटायला दोनदा गेले. दत्तूभाऊंच्या बायकोनं ओटीवर त्यांची खाट घातली होती आणि घरात काही कमी नव्हतं. नातवंडं त्यांच्या दाढीशी खेळत होती. पण माणूस आत विझला होता. मी मुद्दाम विषय काढला, पार्वती अजून गुरुवारी येते, व्हरांड्यात एकटी बसते. त्यांनी डोळे मिटले.

"तिला सांगा, नगं येऊ."

"तुम्हीच सांगा. माझं कोण ऐकतंय?"

"मी शेवटचा हाय बाई. वाटायचं, कायतरी हुईल, कुनीतरी यील. कोन येत न्हाई." एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. ते शेवटचं भेटणं.

दत्तूभाऊंचा फोन आला, तशी मी वाडीवर निरोप धाडला आणि आम्ही दोघी गेलो. गावात कुजबुज होती, जाळायचं की पुरायचं, आणि पुरायचं तर कुठं. दत्तूभाऊंनी ती एका वाक्यात मिटवली होती. "माज्या रानात काय घालायचं ते मी ठरवीन." खाचरांच्या वरच्या अंगाला खड्डा तयार होता. लोणावळ्याहून चार-पाच मुसलमान मंडळी बोलावल्यावर लगेच आली होती. त्यांनी रीतसर नमाज पढली, मयत आपल्या हातांनी खाली उतरवली, आणि बाजूला झाली. बिहारचं, बंगालचं कुणी नव्हतं. कोण कुठं आहे, हेही कुणाला माहीत नव्हतं.

दत्तूभाऊ खड्ड्याच्या कडेला उभे होते. त्यांनी पार्वतीकडे पाहिलं.

"पारवते, ती नावं म्हन की. उस्तादच्या वक्ताला ह्येनं म्हनलेली. मी व्हतो तितं. तुला येत्यात."

पार्वती एक पाऊल मागं सरली.

"मला हुकूम न्हाई, भाऊ."

"आगं, हितं कोन इचारतंय?"

दत्तूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, "बाई, तुमी सांगा तिला." मी सांगितलं. हात धरून सांगितलं, शाळेतल्या मुलीला सांगावं तसं दरडावून सांगितलं, पार्वती, म्हण. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नावं तोंडापर्यंत आली होती, ते मला दिसत होतं.

"त्ये माज्याशी खोटं बोलले न्हाईत बाई," ती म्हणाली. "मी त्यांच्याशी कशी बोलू?"

ज्या माणसाला त्यांनी शिष्य करून घेतलं नाही, तेच एक माणूस त्यांचं सगळं शिकलं होतं.

खालच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या. दत्तूभाऊंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग खाली वाकून त्यांनी पहिली माती लोटली.